बँकीतला उन्हाळा

होळी झाली की आमच्या अकोल्यात पहिले कूलर खाली उतरतात, उन्हाळा त्यायच्या मांगून येते. माळ्यावरचे, जिन्याखालचे, बाथरूमच्या छतावरचे, सगळे कूलर आंगणात येतात, जाळ्या उघडतात, मांगच्या सालचं काळं पडलेलं गवत निंगते, टाकीले रंग लागते, अन बजारातून नवं गवत येते, पिवळं, करकरीत. त्याच्यावर पहिलं पाणी पडलं की जो वास सुटते तो पुऱ्या गल्लीत फिरते. लोकायले तो वास लय आवडते. शेजारच्या मंगलाकाकू तं कूलरपुढं चेहरा धरून उभ्या राहतात अन म्हणतात, "माय वं, जीव थंडा झाला."

मले तो वास आला की मी खिडकी लावून घेतो.

आजच आला, सकाळी. मी स्वराच्या वेण्या घालून राहिली होती, माहे हात थांबले, ती म्हणे, "आई, घाल ना!" तिले काय माईत. ती आता तीन वर्षाची होईन, तेवा दहा महिन्याची होती. तिले त्या उन्हाळ्यातलं काहीच आठवत नाई, अन मले त्यातलं काहीच भुलता येत नाई. मी नववी पास, दहावीत गणितानं पाडलं, असं लिवायची मले सवय नाई, पण पहिल्यापासून सांगत गेली तं कदाचित जरा हलकं वाटन.

पहिले यायचं सांगतो. हे म्हणजे स्वराचे बाबा. डाळ मिलीत आहेत, एमआयडीसीत. सुपरवायझर म्हणतात, पण तुरीची धूळ काही सुपरवायझर पाहून कमी उडत नाई. संध्याकाळी येतात तेवा भुवया पिवळ्या, पापण्या पिवळ्या, शर्ट जिन्यातच काढून दोनदा भिंतीवर झटकतात, मंगच आत येतात. यायच्या पहिले जे सुपरवायझर होते ते साठीपर्यंत तठीच राहिले, अन सुटल्यावर घरी बसून त्यायनं फक्त खोकलून काढलं. हे त्यायले एकदा भेटाले गेले होते. वापस आले तं ताटावर बसलेच नाई. त्याच हप्त्यात मले म्हणाले, "मी बेचाळीसले सोडनार."

तेवा हे तेहतीसचे होते.

मोबाईलवर एक माणूस आहे, तो गाडीत बसून सांगत राहते की लवकर नोकरी सोडाची असन तं काय काय कराव. अर्धा पगार खाचाच नाई. दर महिन्याले फंडात टाकाचा. जिथं हौस दिसन तिथून उठून जाचं. हे रोज पाहत. मी एकदा म्हटलं, "त्याले इचारा, ज्या गाडीत बसून सांगते ते गाडी कितीची आहे." यायले हसू नाई आलं. मंग थोड्या वेळानं आलं.

"अन सोडल्यावर काय करसान?" मी इचारलं.

"सकाळी उठून काय कराचं, ते सकाळी उठून ठरवीन."

इतकंच. ना बंगला, ना फिरायले जानं. फक्त सकाळ आपली असली पायजे. मले ते इतकं आवडलं की मी हो म्हटलं. कोणी जबरदस्ती नाई केली, हे आताच सांगून ठेवतो, नाई तं वाचणाऱ्याले वाटन नवरा कंजूस अन बायको बिचारी. तसं नव्हतं. मोटरसायकल विकली तेवा मीच म्हटलं, सायकल चांगली. खालच्या मजल्यावरच्या खोल्या सोडून वर राहायले आलो, भाडं कमी म्हणून, तेवा अर्धं सामान मीच वाहलं. हाटेल बंद, लग्नातले आहेर बंद, दिवाळीले एकच जोडी कपडे, तेबी लेकराले. मले त्यात मजा येत होती, खरं सांगतो. दोघायनं मिळून कोणाची तरी खोडी काढून राहिलो असं वाटे.

यायनं एक माप काढलं होतं. पाचशे म्हणजे मिलीतला एक दिवस. घरात कोणतीबी वस्तू आली की हे पैसे नाई सांगत, दिवस सांगत. माही चप्पल, अर्धा दिवस. माह्या मायले घेतलेलं लुगडं, दोन दिवस. स्वराचं बारसं, अकरा दिवस. हळूहळू मले बी तसंच दिसाले लागलं. दुकानात काचेमांगं साडी दिसे अन मले त्या साडीत हे दिसत, पोत्यायच्या मंधात उभे, पापण्या पिवळ्या. मी पुढं चालली जाई.

मंगलाकाकू म्हणत, "नवरा बेचाळीसले रिटायर होईन. अन तू कधी वं?"

"मी काय नोकरी करतो का काकू?"

"तेच तं म्हणून राहिली. ज्याले नोकरी नाई त्याले सुट्टी बी नाई."

त्या हसल्या, मी बी हसली, अन वर येऊन भांडे घासता घासता ते हसनं कुठी गेलं कोणाले माईत.

त्या होळीले आमचा कूलर खाली काढला तं बुड गंजून गेलेलं. पाणीच ठरे ना. नवा घेतला तं सोळा दिवस, वरून लाइटबिल, तेबी दिवसातच. हे कूलरपाशी उकिडवे बसले होते, त्या भोकात बोट घालून. म्हणे, "यंदा काढू का तसंच? दोन महिन्याचा तं प्रश्न आहे." मी म्हटलं, "काढू." अकोल्याचा उन्हाळा दोन महिन्याचा नसते, हे यायले बी माईत होतं अन मले बी. पण आमी एकमेकायकडे असं पाहून राहिलो होतो, जसं काही मोठं जिंकलो.

वरचा मजला. डोक्यावर स्लॅब, स्लॅबवर सूर्य, मंधात काही नाई. अकरा वाजले की भिंतीले हात लावता येत नव्हता. नळाचं पाणी चटके देई, दुपारी लेकराचे हात धुवाले सकाळचं पाणी बादलीत झाकून ठेवा लागे. पंखा लावला की भट्टीचं तोंड उघडल्यासारकं. मी जुनं लुगडं भिजवून खिडकीत टांगत होती, वीस मिनिटात ते वाळून कडक, मंग परत भिजव. स्वराच्या मानेवर, पाठीवर, मांड्यायवर घामोळ्या, कडेवर घेतलं की ओरडे, खाली ठेवलं की ओरडे. मंग मी तिले घेऊन मोरीत बसाले लागली, ओल्या फरशीवर, दार लावून, मगानं तिच्या पायावर पाणी टाकत. आख्खी दुपार. तठी बसून मी यायचे सालं मोजत होती. तेहतीस, चौतीस, पस्तीस. बेचाळीसपर्यंत पोहोचे तं पाणी कोमट होऊन जाई.

मंग एक दिवस ती रडायची थांबली.

लेकरू रडते तेवा आईले भेव वाटते असं लोक म्हणतात. रडत नाई तेवाचं भेव येगळं असते. डोळे अर्धे उघडे, ओठ कोरडे, अंगाले हात लावला अन मीच हात मांगं घेतला. ओल्या टावेलात गुंडाळलं, जिना उतरली, ऑटो पकडला, दवाखान्यात पोहोचल्यावर पायलं तं माह्या दोन पायात दोन येगळ्या चपला. सलाईन लागली. एवढासा हात, त्याले पट्टी, पट्टीखाली लाकडाची फळी. डॉक्टर म्हणे, "हिले ऊन लागलं. दुपारभर गार जागी ठेवा, परत असं झालं तं भारी पडन. घरी कूलर आहे ना?"

मी म्हटलं, "आहे."

काहून म्हटलं? नाई म्हटलं असतं तं डॉक्टरनं वर मान करून माह्याकडे पायलं असतं, अन मले ते पाहनं सोसलं नसतं. अन घरी येऊन यायले काय सांगतलं? "दाताचा ताप होता म्हणे. एक बाटली लावली. आता बरी आहे." हे स्वरापाशी बसले, तिच्या हातावरच्या पट्टीवरून लय वेळ बोट फिरवत राहिले. डॉक्टरनं किती घेतले ते यायनं इचारलं नाई. तेवढं त्यायच्या बाजूनं सांगाच लागते. पण माह्या डोक्यात आपोआप झालं: तीन दिवस.

खरं सांगतलं असतं तं यायनं त्याच संध्याकाळी कूलर आणला असता. हे मले तेवाबी माईत होतं. मंग नाई काहून सांगतलं? कारण सोळा दिवस माह्या तोंडून निंगाले पायजे होते, अन ते निंगत नव्हते. माणूस रोज संध्याकाळी पिवळा होऊन येते, त्याले कसं म्हणाव, अजून सोळा दिवस.

दुसऱ्या दिवशी मी बँकीत गेली. चौकातली बँक, तठी आमच्या दोघायच्या नावाचं खातं, अडीअडचणीचे पैसे त्यात ठेवलेले. फंडाचं सगळं यायच्या मोबाईलवर, पण हे पासबुक माह्यापाशी. "तुह्यापाशी ठेव, तू कारण नसता हात लावत नाईस," असं म्हणून देल्लं होतं. त्या दिवशी मी फक्त ते छापाले गेली होती, देवाशपथ. काचेचं दार ढकललं अन आंगावरून असं काही सरकलं, जसं कोणी थंड चादर ओढली. स्वरानं एकदा नाक वर केलं, एक मोठा श्वास घेतला, अन माह्या खांद्यावर झोपली. पंधरा दिवसात पहिल्यांदा.

छापाची मशीन बंद होती. मशीनवर कागद लावलेला. लोक चिडून राहिले होते अन मी मनातल्या मनात म्हणून राहिली होती, देवा, इले दुरुस्त नोको होऊ देऊ.

मंग रोज. बारा वाजता जाचं, साडेतीनले निंगाचं. मशीन आठ दिवसानं दुरुस्त झाली, तं मी स्लिपा घ्यायले लागली. दुपारभरात दोन-तीनदा स्लिप घ्याची, हळूहळू नाव लिवाचं, खातं नंबर लिवाचा, मंग काही चुकलं असं तोंड करून घडी घालाची अन पर्समंधात ठेवाची. दारावर एक म्हातारे गार्डकाका होते, पांढऱ्या मिशा. एक दिवस जवळ येऊन म्हणे, "बाई, आजपर्यंत चौदा स्लिपा झाल्या."

मी पर्स पदराखाली घेतली.

"बस जी," ते म्हणे. "हे बँक ना तुह्या बापाची, ना माह्या बापाची. त्या खांबामांगं खुर्ची आहे, वरून हवा बराबर येते. लेकराचं डोकं इकडून कर." अन मंग वळता वळता, "अन स्लिपा नोको नेऊ, त्या मले मोजून द्या लागतात."

खांबामांगची ते खुर्ची. माह्या आयुष्यात इतकं चांगलं कोणी बसवलं नाई मले. स्वरा झोपे, तिच्या मानेवरच्या घामोळ्या एकेक करून वाळल्या, मी त्या रोज पाहत होती. लोक येत, नोटा मोजाची मशीन फर्रर्र करे, कोणाचा अंगठा, कोणाची पेन्शन. अन मी बसल्याबसल्या भेत होती. हे सायकलनं या चौकातून गेले तं? मंगलाकाकू आल्या तं? कॅलेंडरात मी बँकीच्या सुट्ट्या पाहून ठेवत होती, रविवार, दुसरा शनिवार, चौथा शनिवार. जयंतीच्या दिवशी मी भुलून गेली, शटर बंद, चौकात निळे झेंडे, मठ्ठा वाटून राहिले होते. एका बाईनं मले ग्लास देल्ला अन न इचारता आपला ओला रुमाल स्वराच्या डोक्यावर टाकला. म्हणे, "आज कुठी निंगाली वं अशा उन्हाची?" मी काय सांगू, बँकीत झोपाले.

आता त्या बँकीत मी जे सही केली, ते सांगतो.

बँकीत एक मॅडम होत्या, नव्या, पुण्याकडच्या, बोलनं एकदम पुस्तकातलं. त्या स्वराले पाहून हसत. एकदा गार पाण्याची बाटली आणून देल्ली. एकदा आपली ओढणी तिच्या पायावर टाकली, म्हणे, "एसी लागेल तिला." मंग एप्रिल संपताना एक दिवस माह्या बाजूला खुर्ची ओढून बसल्या. "ताई, तुम्ही रोज येता ना? बाळ किती शांत झोपतं इथे."

मले वाटलं, झालं. आता उठवतात.

"बाळाच्या नावाने काही केलंय का तुम्ही? एक छान पॉलिसी आहे. दहा वर्षं भरायची, मग तिच्या शिक्षणाला."

मॅडमचं महिन्याचं टारगेट राहिलं होतं, हे मंग गार्डकाकानं सांगतलं. पण तेवा मले ते माईत नव्हतं, अन माईत असतं तरी काही फरक पडला नसता. आमच्याकडं कोणाच्या ओट्यावर सावलीले बसलं तं माणूस निंगताना दोन शब्द गोड बोलते, त्यायचे दोन वांगे तरी निवडून देते. फुकट बसून उठून नाई जात. अन मी तं महिनाभर बसली होती. पाणी पेली होती. त्यायची ओढणी माह्या लेकराच्या पायावर होती. मले अशी भीड पडली की काय सांगू. त्या बोट ठेवत गेल्या अन मी सही करत गेली. खात्याले नंबर माह्या साध्या मोबाईलचा होता, मेसेज मलेच आला. घरी येऊन मोरीत बसून तो वाचला. पंचवीस हजार गेले.

पन्नास दिवस.

अन हे दर साली. दहा साल.

त्या दिवसापासून मी बँकीत जानं बंद केलं अन परत मोरीत बसाले लागली, जसं काही मी स्वतःले शिक्षा देऊन राहिली होती, पण शिक्षा लेकराले बी होत होती. पाच दिवसानं पॉलिसीचं पाकीट आलं, जाड, चकचकीत, त्याच्यावर एक हसणारं कुटुंब. मी ते ज्वारीच्या डब्ब्यात खाली दाबलं. गार्डकाका बजारात भेटले, त्यायले सगळं सांगतलं. ते म्हणे, "भेऊ नोको. पाकीट हातात पडल्यापासून एक महिना असते. वापस करता येते. माह्या सुनेनं केलं. अर्ज द्या लागते, स्वतःच्या हातानं लिवून."

मी गेली ना. अर्ज द्याले गेली, मॅडम इतकं गोड बोलल्या, स्वराचा मुका घेतला, अन मी कॅलेंडर घेऊन वापस आली.

गार्डकाकानं डोक्याले हात लावला. "एकट्या तुह्यानं नाई होत. घरधन्याले आण."

मी यायले नाई, माहेरी जाऊन मायले सांगतलं. माही माय अमरावतीले, तिच्याकडं दोन खोल्या अन एक लोखंडी कूलर, जो बोलताना मोठ्यानं बोला लागते इतका आवाज करते. उन्हाळ्यात ती लोकायच्या कुरड्या घालून देते, छतावर पांढऱ्या कुरड्यायच्या रांगा, अन ती काठी घेऊन कावळे हाकलत बसलेली. सगळं ऐकलं अन म्हणे, "पुरुषाले सगळंच सांगाचं नसते. तुह्या बापाले अजून माईत नाई तुह्या लग्नातला शालू कितीचा होता."

"माय, हा शालू नाई. पन्नास दिवस आहेत."

"कायचे दिवस?"

मी समजावून सांगतलं. एक कावळा आला, तिनं काठी उचललीच नाई. "असे दिवस मोजून संसार होते काय वं," ती म्हणे. मंग गळ्यातली सोन्याची पोत काढून माह्यापुढं धरत म्हणे, "हे मोड अन भरून टाक खात्यात. त्याले समजनार बी नाई."

स्वरा खाली खोलीत कूलरपुढं हातपाय फेकून झोपली होती, अन मी छतावर बसून त्या पोतीकडं पाहत होती. मायनं हे पोत कधी घेतली होती मले माईत आहे. मी शाळेत होती, ती तेवाबी लोकायच्या कुरड्या घालत होती. एकाच्या गळ्यातले दिवस काढाचे अन दुसऱ्याच्या खात्यात टाकाचे, अन कोणालेच सांगाचं नाई. मले तेवा समजलं की ज्याचे दिवस गेले त्यालेच सांगा लागते, दुसरा कोणी ते ऐकू शकत नाई. मायच्या हाताची मूठ मी बंद केली अन दुसऱ्या दिवशी एस्टीत बसली. मूर्तिजापूर येईपर्यंत काय बोलाचं ते पाठ करत होती, मूर्तिजापूर गेलं अन सगळं भुलली.

नवतपा लागला होता, मेच्या शेवटचे ते नऊ जळते दिवस. रविवार होता. हे घरी होते, खिडकीतलं लुगडं मगानं भिजवून राहिले होते, माह्याकडं पाठ.

"मी एक सही केली," मी म्हटलं.

"कशावर?"

"बँकीत. पॉलिसीवर. पन्नास दिवसाची."

पैसे सांगाचे होते, तोंडातून दिवसच निंगाले.

यायचा हात थांबला नाई. लुगडं केवाचं भिजलं होतं, तरी मग भरत राहिले, टाकत राहिले, पाणी फरशीवरून माह्या पायापर्यंत आलं. मंग इचारलं, "तू बँकीत कायले गेली होती?"

"पासबुक छापाले."

"वापस होते?"

"चार दिवस आहेत. तुमी आले तं."

"मले पहिले काहून नाई सांगतलं?"

"भेव वाटलं."

"माहं?"

मी मान हलवली. त्यायचं नाई. यायनं मले कधी वाईट शब्द बोलला नाई. पण कशाचं ते मले सांगता येईना, अन यायनं बी परत इचारलं नाई. ओरडले असते तं बरं झालं असतं. पुरा रविवार आमी दोघं त्या दोन खोल्यायत असे फिरत होतो, जसे दोन पाहुणे एकाच लग्नात आले अन एकमेकायले ओळखत नाईत.

मंगळवारी यायनं अर्धी सुट्टी टाकली. अर्धा दिवस. मी ते बी मोजलं.

मॅडमनं खुर्च्या देल्ल्या. "अहो, चांगली पॉलिसी आहे, का बंद करताय? मुलीच्या भविष्याचा विचार करा." हे म्हणे, "तिचाच करून राहिलो. अर्ज द्या." कोरा कागद आला, माह्यापुढं, कारण पॉलिसी माह्या नावाची. वरचं सगळं मॅडमनं सांगतलं तसं लिवलं. मंग आलं, वापस करण्याचं कारण.

पेन थांबला. "काय लिवू?" मी यायले इचारलं.

"जे आहे ते लिव."

मी लिवलं. मले आता पाठ आहे ते. "माझ्या लेकराले ऊन लागलं होतं. डॉक्टरनं गार जागी ठेवाले सांगतलं. घरी कूलर नाई म्हणून मी बँकीत येऊन बसत होती. मॅडमनं पॉलिसी घ्या म्हटलं तेव्हा इतके दिवस फुकट बसल्याची मले भीड पडली. म्हणून सही केली. मले पॉलिसी नको होती."

मॅडमनं उलटं वाचलं अन लाल झाल्या. "ताई, असं नाही लिहीत. 'वैयक्तिक कारण' एवढंच लिहा. मी दुसरा कागद देते."

पण यायनं कागद ओढून घेतला होता. वाचून राहिले होते. पाच ओळी होत्या, पाच ओळीले इतका वेळ नाई लागत. यायचे ओठ हलत होते, लेकरं वाचतात तसे. गार्डकाका दारावरून आमच्याकडे आले, त्यायले वाटलं भांडण होऊन राहिलं, अन माह्या बाजूनं बोलाले म्हणून म्हणाले, "लेकरू लय गुणाचं आहे साहेब. तीन हप्ते त्या खांबामांगं झोपलं, एक दिवस रडलं नाई."

यायनं खांबाकडं पायलं. मंग खुर्चीकडं. मंग वर, हवा येते तठी.

"दुसरा कागद देते," मॅडम परत म्हणाल्या.

"नाई," हे म्हणे. "हाच राहू द्या. खरं कारण हेच आहे." अन कागद माह्यापुढं सरकवला. "सही कर. खाली तारीख टाक."

पैसे आले वापस, थोडे कटून. ते आता महत्त्वाचं नाई.

बाहेर निंगालो तं चौक पांढरा होऊन गेला होता, डोळे उघडत नव्हते. यायची सायकल कडुनिंबाखाली लावली होती, पण सावली सरकून गेलेली. सीटवर हात ठेवला अन लगेच उचलला. स्वरा माह्या कडेवर, तिच्या डोक्यावर माहा पदर. हे सायकल धरून उभे राहिले, बसत नव्हते, चालत बी नव्हते.

"दाताचा ताप," हे म्हणाले.

मी स्वराच्या डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आज कूलर घेऊ. पुढच्या महिन्यात खाली राहायले जाऊ, त्या जुन्या खोल्यायत, अजून रिकाम्या आहेत." मंग थांबले. यायच्या डोक्यात जोड चालू होती, मले दिसत होती, रोजच दिसते. "मंग बेचाळीस नाई होत. चव्वेचाळीस धर. चव्वेचाळीसले सोडीन."

दोन साल. दोन सालाचे किती दिवस होतात, किती दिवसाची धूळ होते, हे जोड मले बी येत होती आता, यायनंच शिकवली होती. मी थांबाले पायजे होतं. कमीत कमी एवढं तरी म्हणाले पायजे होतं की विचार करू, घरी जाऊन बोलू, दुसरं काही कमी करता येते का पाहू. उन्हात तो माणूस आपले दोन साल माह्या हातात ठेवून उभा होता अन माह्या तोंडाकडं पाहून राहिला होता.

मी हो म्हटलं. त्यायचं बोलनं पुरं व्हायच्या पहिलेच म्हटलं, अन इतक्या लवकर म्हटलं की मले अजून त्याची लाज वाटते.